रिळापासून ताळेबंदापर्यंत

(दृश्य : रात्रपाळीचा छापखाना. कागदाचं रीळ मशीनवर चढतंय.)

माध्यमकंपनीचा वित्तप्रमुख घडतो तो इथे. निदान इथे घडायला हवा.

न्यूजप्रिंटचा हिशेब वजनावर चालतो : एका चौरस मीटरला 45 ग्रॅम. पान 33 सेंटीमीटर रुंद, 54 उंच. 16 पानी अंकाला साधारण 64 ग्रॅम कागद लागतो. लाख प्रती म्हणजे 6.4 टन, एका रात्रीत. 42 ग्रॅमचा कागद घेतला तर लाख प्रतींमागे सव्वाचारशे किलो वाचतात. टेबलावर हा आकडा फार गोड दिसतो. मशीनवर मात्र पातळ कागद पटकन तुटतो, मागच्या पानाची शाई पुढे उमटते. आणि एकदा कागद तुटला, की रंग पुन्हा जुळेपर्यंतच्या सगळ्या प्रती रद्दीत.

(दृश्य : कडेचा ढीग, जवळून.)

हा फोटो पाहा. ओठांचा लाल रंग गालावर सरकलाय. अशा प्रती, रिळाचं वेष्टन आणि गाभ्याला चिकटून उरलेला कागद यांचं वेस्टेज वेगवेगळं तोलायचं. एकत्र तोललं तर चूक कागदाची, मशीनची की हाताळणीची, हे कधीच कळत नाही.

(दृश्य : जाहिरात विभाग, बिलांच्या फायली.)

पुढचा टप्पा वसुलीचा. रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याची लेखी मागणी. तिच्यातला आकार आणि छापलेला आकार जुळला नाही, की बिल अडतं. कागदाचे पैसे तोवर देऊन झालेले असतात. नफ्यातलं वर्तमानपत्रही रोकड संपून अडचणीत येतं, ते असं.

(दृश्य : संकलन कक्ष.)

चित्रपट-मालिकांकडे बदली झाली, की हिशेबाची रीतच बदलते. चित्रपटाला खर्च 100, एकूण उत्पन्नाचा अंदाज 200, पहिल्या वर्षी आले 120. मग अंदाजाधारित पद्धतीत, म्हणजे अंदाजातला जेवढा वाटा आला तेवढाच खर्चाचा वाटा धरून, त्या वर्षी 60 खर्ची टाकायचे. पण अंदाजच 150 असता तर 80. मधले 20 म्हणजे कागदावरचा नफा. म्हणून अंदाज कोणी केला, कशावरून केला, हे विचारणारा माणूस खोलीत लागतोच.

(दृश्य : बैठकीची खोली. पडद्यावर ताळेबंद.)

आता मोठी खुर्ची. आंतरराष्ट्रीय लेखामानक 38 प्रमाणे, स्वतः नावारूपाला आणलेलं वर्तमानपत्राचं नाव मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. तेच नाव दुसऱ्याकडून विकत घेतलं, तर येतं. ताळेबंदापुरतंच पाहणाऱ्याला म्हणून इमारत आणि यंत्रं दिसतात, वाचकांचा विश्वास दिसत नाही. छापखान्यात रात्री काढलेल्याला तो दिसतो, असं आमचं ठाम मत आहे. आवृत्ती बंद करण्याच्या, माणसं कमी करण्याच्या कागदांवर सही याच टेबलावर होते.

(दृश्य : पहाट. काट्यावर रद्दी.)

तीन गठ्ठे, तीन नोंदी. बाहेर अंकांची पहिली गाडी निघते.