दोरा तुटला की थांबायचं

(पडद्यावर अजून अंधार. नुसता आवाज : खटाक्-फटाक्, खटाक्-फटाक्.)

हा आवाज सोलापूरच्या माणसाला ओळखून दाखवावा लागत नाही. अशोक चौकाच्या मागच्या कुठल्याही गल्लीत शिरा, भवानी पेठेत जा, दुपारी झोप लागायची नाही अशी खटखट चालू असते. पण आत्ता ऐकताय तो लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, आवाज नाहीये.

(उजेड. टेबल, स्टीलचं ताट, त्यावर एक हात.)

हा अण्णांचा डावा हात आहे. दोन बोटं आधी, मग तळवा. वय अठ्ठ्याहत्तर, नाव सांगत नाही कारण घरच्यांनी नको म्हणलंय. चाळीस वर्षं चादरीच्या लूमवर काढली, आता शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात असतात. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. समजतं सगळं बरं का, विनोद केला तर हसतात, पंखा बंद कर म्हणायचं असलं तर पंख्याकडं बघतात, पण तोंडातून येतं फक्त "आन्... आन्". पहिल्या दिवशी मी विचारलं, अण्णा चहा झाला का, तर ओठ हलवले, परत हलवले, "आन्" आलं आणि स्वतःवरच चिडून ताट ढकलून दिलं. मी कॅमेरा खाली घेतला. काय बोलणार.

मग जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत एक गोष्ट झाली. हॉलमध्ये टीव्हीवर नंदीध्वजांची मिरवणूक लागलेली, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हलगी, गर्दी, आणि गर्दीनं नेहमीची आरोळी दिली. इकडं खुर्चीतून अण्णांचा आवाज आला, अख्खाच्या अख्खा, स्वच्छ : "बोला बोला, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" स्वयंपाकवाल्या मावशी हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या. सगळा हॉल अण्णांकडं बघतोय आणि मी त्या वेळी काय करत होतो, तर कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो. त्यामुळं तो शॉट या फिल्ममध्ये नाही. अजून चुटपुट लागते.

मंगळवारी ताई आल्या तेव्हा सगळ्यांनी त्यांना घेरलं. ताई म्हणजे इथं आठवड्यातनं दोनदा येणाऱ्या म्युझिक थेरपिस्ट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणल्या, छान आहे, पण हे बोलणं नव्हे, हे पाठ आहे. पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं.

ही वाट जरा समजून घ्यायला पाहिजे. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. तिथं पुढच्या भागात इजा झाली की माणसाला कळतं पण शब्द जुळवता येत नाहीत. मात्र गाणं, आरती, आकडे, शिव्या (हो, शिव्यासुद्धा, कुठल्याही स्पीच थेरपिस्टला विचारा) या वर्षानुवर्षं घोटलेल्या गोष्टी बऱ्याच वेळा शाबूत राहतात. बोलता न येणारी माणसं गाऊ शकतात हे डॉक्टरांनी फार पूर्वीच बघून ठेवलंय. त्यावरून १९७३ मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी एक पद्धत मांडली, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. गाणं शिकवायचं नाही. रोजचं छोटं वाक्य घ्यायचं, त्याला दोनच सूर द्यायचे, एक वरचा एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हातावर एकेक टाप द्यायची. आधी दोघांनी मिळून म्हणायचं, मग थेरपिस्टनं हळूच आवाज कमी करायचा, मग फक्त पेशंटनं म्हणायचं, आणि शेवटी सूरही काढून घ्यायचा, म्हणजे राहिलं ते साधं बोलणं. यात काम सुराचं का ठेक्याचं यावर संशोधकांचं अजून भांडण चालूये. ताई म्हणतात चालू दे, आपण दोन्ही वापरू.

(क्लोजअप : ताईंच्या तळहातावर अण्णांचा डावा हात.)

"पा-णी द्या." पा वर, णी खाली, द्या खाली. तीन टापा. परत. परत. मी घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं फक्त "पाणी द्या". बघणाऱ्याला कंटाळा येईल असलं हे काम आहे, एडिटिंग करताना मलाच आला, खोटं कशाला बोलू. चौथ्या आठवड्यात "पा" आला. सहाव्यात "पाई". मावशींना सांगून ठेवलंय की "पाई" म्हणले की लगेच तांब्या न्यायचा, उशीर करायचा नाही, कारण शब्द काढला की काम होतं हे अण्णांना कळलं पाहिजे. ही पद्धत खरं तर जवळजवळ रोज करायची असते, ताई येतात दोनदाच, म्हणून बाकीचे दिवस मावशी पोळ्या झाल्यावर येऊन बसतात आणि ताईंपेक्षा जरा जोरात टापा देतात.

आणखी एक गोष्ट ताईंनी पहिल्यांदा बघितली, ती म्हणजे कान. आयुष्यभर लूमजवळ उभं राहिलेल्यांचे कान जातात, आणि त्यातही आधी जातात ते बारीक, उंच आवाज. म्हणून इथं घुंगरू, झांजा, बासरी जवळजवळ नाहीच. ढोलकी आहे, हलगी आहे पण हळू वाजवलेली, आणि हाताला हात. ऐकू नाही आलं तरी हादरा कळतो.

आता माझी फजिती. पहिल्या शूटिंगला मी घरचा ब्लूटूथ स्पीकर नेला, म्हणलं म्हातारी माणसं आहेत, नाट्यगीतं लावू, खूश होतील. कोपऱ्यातल्या एका अव्वानं (आजीनं) दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं आवाज मोठा झाला. आवाज तर मोठा होताच, पण मुद्दा तो नव्हता. अव्वा पद्मशाली, माहेर-सासर दोन्ही तेलुगू बोलणारं, पूर्व भागात विड्या वळून पोरं मोठी केली. नाट्यगीताशी त्यांचा काय संबंध? सोलापुरात राहून मला हे सुचू नये, याची लाज वाटली.

ताईंनी अव्वांच्या सुनेला फोन केला. सुनेनं सांगितलं बतकम्मा. नवरात्राच्या दिवसांत फुलांची रास मध्ये ठेवून भोवती बाया गोल फिरतात, वाकून टाळी देतात, आणि प्रत्येक ओळीला "उय्यालो" म्हणतात. ताईंना तेलुगू येत नाही. त्यांनी नुसती टाळी धरली आणि "उय्यालो" तेवढं म्हणलं, तेही चुकीच्या चालीत. अव्वा भिंतीकडनं वळल्या. चाल दुरुस्त केली. रागानंच केली, पण केली.

यामागं एक साधं कारण आहे. दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात घट्ट राहतात, गाणीही त्यातलीच. म्हणजे पंच्याऐंशीच्या माणसाला "जुनं काहीतरी" लावून चालत नाही, तो पंधरा-वीस वर्षांचा असताना त्याच्या कानावर काय पडत होतं ते शोधावं लागतं. कुणाचं भजनी मंडळ असतं, कुणाचं कन्नड वचन, कुणाची कव्वाली, कुणाचा रेडिओ सिलोन, बुधवारची बिनाका गीतमाला. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी संगीत वापरल्याच्या २२ अभ्यासांचा कॉक्रेननं (वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) २०१८ मध्ये आढावा घेतला, त्यात उदासपणा आणि एकूण वागण्यातला त्रास कमी होतो असं दिसलं, पण चिडचिडीत आणि स्मरणशक्तीत फारसा फरक नाही. म्हणजे गाणं ऐकून अव्वांना सुनेचं नाव आठवेल असं नाही. पण संध्याकाळी दारापाशी जाऊन "घरी सोडा" म्हणून रडणं जरा कमी झालंय, एवढं मावशी सांगतात.

आणि हो, ते फॉरवर्ड. अमुक राग ऐका बीपी उतरेल, तमुक राग ऐका शुगर जाईल. आमच्या काकांनी तसली एक यादी फ्रिजला चिकटवली होती. शांत संगीतानं जीव निवतो, त्या वेळेपुरतं ब्लडप्रेशर थोडं खाली येऊ शकतं, इथपर्यंत ठीक, पण एका रागाचं एका रोगाशी असं खातं कुठं जुळवून मिळत नाही, गोळी चालू ठेवा. तीच गत मोझार्टची. १९९३ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत एक छोटा लेख आला, ३६ कॉलेजची पोरं, दहा मिनिटं मोझार्ट ऐकून एका प्रकारची कोडी थोडी बरी सोडवली, परिणाम पंधरा मिनिटांत संपला. बाळांचा त्यात पत्ताच नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायची योजना काढली! आपल्याकडं पोटाला हेडफोन लावणारे अजून आहेत.

बाळाला खरं काय लागतं ते अव्वाच सांगतील. पोटातल्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू यायला लागतं आणि जन्मल्यावर आईचा आवाज ते ओळखतं, म्हणजे सगळ्यात भारी स्पीकर घरातच असतो. २०१३ मध्ये अमेरिकेत ११ हॉस्पिटलांतल्या २७२ कमी दिवसांच्या बाळांवर अभ्यास झाला. आईबापांना जवळचं वाटणारं गाणं अंगाईसारखं हळू म्हणलं, तर बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर, दूध ओढण्यावर चांगला परिणाम दिसला. हळू हा शब्द महत्त्वाचा. अशा बाळांच्या वॉर्डात आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. आमच्या मिरवणुकांच्या डीजेवर मी बोलत नाही.

मला यातलं आवडलेलं वेगळंच आहे. मराठी पाळण्यात "जो जो", कन्नड जोगुळात "जो जो", तेलुगू जोलपाटात पण "जो जो". एका चाळीत तीन भाषांच्या आया, आणि पोराला झोपवताना तिघींचा शब्द एकच.

(बालवाडीची खोली. चटया. एक मुलगा खोलीच्या कडेकडेनं चालतोय.)

हा पाच वर्षांचा. ऑटिझम आहे. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, भिंतीच्या कडेनं चालत राहतो आणि मध्येच दार वाजवतो, तीन वेळा, मग एक. आई बाहेर सूप मांडीवर घेऊन बसलेली, पान कापतेय, कारण हजार विडी भरली नाही तर दिवस वाया. ताई त्याला बोलावत नाहीत. ढोलकी घेऊन जमिनीवर बसतात, आणि त्यानं दार वाजवलं की त्याच मापात ढोलकीवर उत्तर देतात. तीन, मग एक. तो थांबला की थांबतात. बास. दोन आठवडे एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं तीन वाजवले आणि चौथा वाजवलाच नाही. ताईही थांबल्या. मग त्यानं मान वळवली आणि ढोलकीकडं बघितलं, एक वाजायचा राहिलाय ना, असं. माझ्या फुटेजमध्ये ते चार सेकंद आहेत, या वेळी बॅटरी फुल होती.

मुलाच्या मागं जायचं, त्याच्या आवाजातून संगीत करायचं, ही रीत पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा इंग्लंडमधला शिक्षक, या जोडीनं १९५९ मध्ये सुरू केली. चालते का? २०१७ मध्ये ९ देशांतल्या ३६४ मुलांवर मोठी चाचणी झाली (भारत त्यात नव्हता), पाच महिन्यांनी ऑटिझमच्या लक्षणांत फरक दिसला नाही. २०२२ मध्ये कॉक्रेननं २६ अभ्यास एकत्र धरले तर चित्र जरा बरं निघालं. ताईंनी आईला दोन्ही सांगितलं. आई म्हणाली, "ते र्‍हाऊ दे ताई, घरी दार वाजवला की मी बी सुपावर वाजवते आता. थांबतोय बगा."

शनिवारी बालवाडीची पोरं आश्रमात येतात. गोंधळ असतो नुसता. पोरांना आजी-आजोबांपेक्षा तिथल्या मांजरात जास्त इंटरेस्ट, शेंगाचटणी-भाकरी आली की कार्यक्रमच संपतो. हा मुलगा मात्र कडेकडेनं फिरत अण्णांच्या टेबलापाशी आला, कारण तिथं आवाज येत होता.

(ताटावर डावा हात : खटाक्-फटाक्.)

मुलगा उभा राहिला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यानं पण सुरू केलं. आधी त्याचं ते तीन-एक, मग हळूहळू अण्णांचं. खटाक्-फटाक्. बराच वेळ चाललं, ताई लांबून बघत होत्या, मध्ये पडल्या नाहीत. आणि अण्णांनी मध्येच हात उचलला, थांबले. मुलगा पण थांबला. वर बघितलं, थेट अण्णांच्या तोंडाकडं.

लूम अशी एकदम थांबली की कारण एकच असतं. अण्णांचे ओठ हलले. डाव्या हाताच्या बोटानं ताटावर टाप दिली, तुट, मग दुसरी, ला. पहिला सूर वर, दुसरा खाली.

"तुट-ला."

मुलानं परत वाजवायला सुरुवात केली. मावशी रडायला लागल्या. ताईंनी पर्समधून वही काढली आणि पेनाचं टोपण दातात धरून लिहिलं :

तुटला. स्वतःहून. एक वेळ.