लपवून घेतलेली गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

नैराश्यावर उपचार सुरू झाले की घरात बहुधा पहिली गोष्ट ठरते ती म्हणजे "कुणाला कळता कामा नये." यामागची भीती खोटी नाही. लग्न जुळायचंय, नोकरी टिकवायचीय, शिवाय "डोक्यावर परिणाम झालाय" ही कुजबुज. पण या लपवाछपवीत उपचारच कसे फसतात, ते आज सांगायचं आहे.

गोळ्या पाकिटातून काढून दुसऱ्याच डबीत भरल्या जातात. मग नाव गेलं, मिलिग्रॅम गेले, मुदतीची तारीख गेली. पाहुणे आले की गोळी चुकते, प्रवासात घरीच राहते. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांना ती सांगितलीच जात नाही. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांपैकी काही चालू असताना आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक घेतलं, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक दिलं गेलं, तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढून थरथर, घाम, ताप, गोंधळ असं जिवावर बेतू शकतं. म्हणून दात काढायला गेलात तरी गोळीचं नाव आणि मात्रा सांगा. बोलायला जड जात असेल तर कागदावर लिहून पुढे करा.

पहिला महिना सर्वांत कसोटीचा, कारण त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी, उडालेली झोप हे सारं पहिल्या काही दिवसांतच सुरू होतं आणि बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत ओसरतं. मनाला उभारी यायला मात्र 2 ते 4 आठवडे लागतात, पुरता गुण यायला 6 ते 8. नेमकं या मधल्या काळात "बघ, गोळ्यांनी आणखीच बिघडलं" म्हणणारं कुणीतरी भेटतं, आणि औषध सुटतं. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी घेतली तर चालेल का, विचारा. लैंगिक इच्छा कमी होते, याबद्दल तर लाजेपोटी कुणी तोंडच उघडत नाही. गुपचूप गोळी बंद केली जाते. डॉक्टर ही तक्रार रोज ऐकतात. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

या काळात, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णाची अस्वस्थता किंवा मरणाचे विचार एकाएकी वाढले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि पूर्वी कधी कमी झोपूनही अंगात उत्साह मावत नसे, बेसुमार खर्च होत असे, असे दिवस येऊन गेले असतील, तर ते औषध सुरू होण्याआधीच सांगा. उपचार त्यावरून पार बदलतात.

बरं वाटायला लागल्यावरही गोळी निदान 6 महिने चालू ठेवायची असते. आजार पूर्वीही येऊन गेला असेल तर त्याहून जास्त. ती एकदम तोडली तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी झणझण होते, उगाच रडू येतं. पॅरोक्सेटिन आणि वेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्याच गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा हा त्रास जास्त. लोक याला व्यसन म्हणतात, पण नशेच्या वस्तूसारखी हिची तलफ येत नाही. मेंदू औषधाला सरावलेला असतो, त्याला सावरायला वेळ हवा. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना विचारूनच उतरवायची.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. भांडणात "आज गोळी घेतली नाहीस वाटतं?" असं कधीही म्हणू नका. आजारी माणसाच्या रागालाही रास्त कारण असू शकतं. मात्र "माझं सगळ्यांना ओझं झालंय" असं तो बोलू लागला, तर सरळ विचारा, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर उपदेश नको, शपथा घालणं नको. शेजारी बसा, एकटं सोडू नका, घरातला गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशकं त्याच्या हाती लागणार नाहीत अशी हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.