बादली, फणी आणि साठ चिंचोके
(अनुताई वाघ यांच्यावरील लघु माहितीपटाचं निवेदन)

[सकाळ. सारवलेलं अंगण. कडेला पाण्याने भरलेली बादली.]

बादली, तांब्या, साबणाची वडी, बारीक दातांची फणी, लहान कात्री, खोबरेल तेलाची बाटली आणि एक कोरडा पंचा. डहाणू तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावर बालवाडी भरवायची, तर पाटी-पेन्सिलीच्या आधी हे सामान लागायचं. अनुताई वाघांचा वर्ग इथून सुरू व्हायचा. आधी अंघोळ, मग नखं, मग केस. गाणी-गोष्टी त्यानंतर.

अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी गेल्या. पद्मश्री, जमनालाल बजाज पुरस्कार, आणखीही मानसन्मान त्यांना मिळाले. ते सगळे एका वाक्यात सांगून होतात. त्यांच्या कामाचं सार मात्र बारक्या, हाताने करायच्या गोष्टींत आहे, आणि ते सांगायला वेळ लागतो. म्हणून आपण तिथेच जास्त थांबू.

[जुनी छायाचित्रं.]

जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातलं मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. अशा मुलीचं उरलेलं आयुष्य त्या काळी माजघरातच जायचं. अनुताई शिकल्या. १९२९ मध्ये पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं, नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात शिकवलं, मग पुण्याच्या हुजूरपागेत. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायला बसायचं, असं करून त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी. तोवर त्यांच्या हाताखाली कितीतरी मुलं शिकून गेली होती.

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं. तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई भावनगरला दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, त्यातही त्या पुढे होत्या. शहरातली बालमंदिरं, म्हणजे माँटेसरी पद्धतीच्या बालशाळा, त्यांनी पाहिली होती, चालवली होती. आता त्यांना ती खेड्यात न्यायची होती, आणि सोबतीला माणूस हवं होतं. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. त्याच वर्षी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. पुढची अठ्ठावीस वर्षं, १९७३ मध्ये ताराबाई जाईपर्यंत, या दोघी एकत्र काम करत राहिल्या.

कल्पना ताराबाईंची आणि अंमलबजावणी अनुताईंची, असं पुष्कळदा म्हटलं जातं. ते आम्हाला पटत नाही. पाड्यावर रोज वर्ग चालवणाऱ्या बाईला कल्पनेतली खोट पहिल्या आठवड्यातच दिसते. ती दुरुस्त करणं हाही विचारच आहे, आणि तो अनुताईंनी आयुष्यभर केला.

[लाकडी साधनं, एकेक करून.]

पहिली खोट सामानाची. मुलाने वस्तू हाताळत स्वतः शिकायचं, ही माँटेसरी पद्धत, आणि तिचा जीव साधनांत आहे. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन, सर्वांत लहान १ सेंटीमीटरचा, सर्वांत मोठा १० सेंटीमीटरचा. दहा दांडे, १० सेंटीमीटरपासून १०० सेंटीमीटरपर्यंत. आवाजाच्या डब्यांच्या सहा जोड्या. हे सगळं सुताराकडून अचूक मापात करून, रंगवून घ्यायचं म्हणजे चांगलाच खर्च. एक दांडा हरवला की सगळा संचच लंगडा. आणि ज्या घरात मडकी, सूप आणि विळा एवढंच सामान आहे, तिथल्या मुलाला त्या चकचकीत वस्तूला हात लावायचीच भीती वाटते.

ताराबाई आणि अनुताईंनी सामान आवारातून उचललं. समुद्रकाठचे शिंपले, नदीतले गोटे, चिंचोके, पानं, फुलं, बांबू, माती. हे ऐकायला सोपं वाटतं, पण गोटे पसरून ठेवले की साधन तयार होत नाही. साधनात एका वेळी एकच गुण बदलायला हवा. लांबी शिकवायची असेल तर रंग, जाडी, वजन सारखं ठेवायचं आणि फक्त लांबी बदलायची. आणि चूक झाली तर ती मुलाला स्वतःला दिसायला हवी, बाईंना सांगावी लागू नये.

[बांबू. करवत. हात.]

बांबूचे दांडे कसे करायचे ते बघू. दहा दांड्यांची लांबी मिळून साडेपाच मीटर होते. कापताना वाया जाणारं धरून सात मीटर बांबू हाताशी ठेवावा. इथे हमखास चूक होते ती अशी, की एकच उंच बांबू घेऊन बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तुकडे पाडले जातात. बांबू वर निमुळता होत जातो. मग लांब दांडा जाड आणि आखूड दांडा बारीक, असं होऊन बसतं. मूल दांडे बरोबर लावतं, बाई खूश होतात, पण मुलाने लांबी पाहिलेलीच नसते, त्याने जाडी पाहिलेली असते. म्हणून दोन-तीन बांबूंचा मधला, सारख्या जाडीचा भागच घ्यायचा.

बांबू ओला वापरायचा नाही. ओला बांबू वाळताना आकसतो आणि तडकतो. त्यातल्या पिष्टावर कीड लागते आणि दोन महिन्यांत दांड्यातून पिवळट भुकटी गळायला लागते. तोडलेले तुकडे दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे, मग सावलीत उभे करून वाळवायचे. कडक उन्हात वाळवले तर उभी चीर जाते. टोकं कानशीने घासायची, कारण बांबूची कुसळ बोटात गेली की ते मूल पुन्हा दांड्याला हात लावत नाही.

रंगाला गेरू चालतो, पण नुसता पाण्यात कालवलेला गेरू हाताला लागतो. डिंकाच्या पाण्यात कालवला की धरून राहतो. हेच दांडे अंक शिकवायला वापरायचे असतील तर दर दहा सेंटीमीटरला एक पट्टा गेरूचा, एक निळीचा.

मुलाने सगळे दांडे एका कडेला टेकवून लावले की दुसऱ्या कडेला पायऱ्या दिसतात. एक दांडा चुकला की पायरी मोडते. मूल बोट फिरवत येतं आणि मोडक्या पायरीशी थबकतं. त्या क्षणी बाईंनी गप्प राहायचं. सगळ्या बालसेविका प्रशिक्षणात शिकायला सर्वांत अवघड गोष्ट हीच असावी.

[काड्यापेट्या हलवण्याचा आवाज.]

आवाजाच्या डब्यांना रिकाम्या काड्यापेट्या उत्तम, कारण सगळ्या एकाच मापाच्या असतात. बारा पेट्या, सहा जोड्या. वाळू, तांदूळ, चिंचोके, बारीक खडे, शिंपल्यांचे तुकडे, चुरलेली सुकी पानं. पेटी एक तृतीयांशच भरायची. गच्च भरली की आतलं हलत नाही आणि आवाजच होत नाही. पहिल्या दिवशी सहाही जोड्या पुढ्यात टाकल्या तर मूल गोंधळतं. सुरुवात तीनच जोड्यांनी, तीही आवाजात ढळढळीत फरक असलेल्या. तांदळाला पावसाळ्यात पोरकिडे होतात, म्हणून तो महिन्याला बदलायचा. पेट्या कागद चिकटवून बंद करायच्या.

बिया निवडताना एक गोष्ट कधीही विसरायची नाही. गुंजा दिसायला सर्वांत मोहक, लाल-काळ्या, मण्यांसारख्या. त्या विषारी आहेत. एरंडाच्या बियाही तशाच. कितीही सुंदर दिसल्या तरी या दोन बिया बालवाडीच्या आवारात येता कामा नयेत.

[सागाचं पान. पळसाचं पान.]

स्पर्श शिकवायला सागाचं खरखरीत पान आणि केळीचं गुळगुळीत पान. तीन शिकवायला पळस आहेच. पळसाला पाने तीनच, ही म्हण मोठ्यांना ठाऊक असते. मुलाने ती पानं स्वतः मोजली की ‘तीन’ हा शब्द उरत नाही, हाताला लागलेली गोष्ट होते. वारली मुलाला या झाडांची माहिती शिकवणाऱ्या बाईंपेक्षा जास्त असते. तिथे ते मूल बाईंना शिकवतं, आणि वर्गात त्याचा आवाज पहिल्यांदा फुटतो. नाहीतर प्रमाण मराठीतली सूचना त्याच्या बोलीत बसत नाही, ते गप्प राहतं, आणि त्या गप्प राहण्यालाच मंदपणा समजलं जातं.

[पुन्हा बादली. ओल्या केसांचं मूल.]

आता अंघोळीकडे परत येऊ. पाड्यावरच्या मुलांना खरूज आणि उवा होत्या. अंगाला खाज असताना कुठल्याही मुलाचं लक्ष दांड्यांवर लागत नाही, हे कारण रोकडं होतं. पण नुसत्या अंघोळीने खरूज जात नाही. किडा कातडीच्या आत असतो. मलम लावावं लागतं, आणि ते एकट्या मुलाला लावून भागत नाही. रात्री चार भावंडं एकाच गोधडीत झोपतात. एकाला बरं करावं तर आठवड्यात ते पुन्हा खाजवत येतं. सगळ्या घराला एकाच दिवशी मलम, आणि त्याच दिवशी कपडे-गोधड्या गरम पाण्यात किंवा उन्हात. म्हणजे बालवाडीच्या बाईंना घरात जाऊन आईशी बोलावंच लागतं. शाळा अशा रीतीने घरात शिरते.

उवांनाही तसंच. अंडी केसाला चिकटलेली असतात, ती धुण्याने निघत नाहीत. तेल लावून, बट-बट वेगळी करून फणी फिरवायची, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा, कारण सुटलेल्या अंड्यांतून तोवर नव्या उवा निघालेल्या असतात.

[टेकडी. रस्ता चढत जातो.]

बोर्डीत काम चाललं होतं, पण ज्यांच्यासाठी ते करायचं ती मुलं डोंगराकडे होती. १९५७ च्या सुमाराला केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर.

इथे दुसरी खोट समोर आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत आली तर कडेवर तान्हं भावंड. आई मजुरीला गेलेली. भावंड रडलं की मुलगी उठून जाते. तिला हजेरीबद्दल रागावून उपयोग नाही, ती घरचं काम करते आहे. उपाय एकच, भावंडालाही शाळेत घ्यायचं. त्यातून विकासवाडी झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ‘एकाच आवारात’ हे शब्द महत्त्वाचे. पाळणाघर वर्गापासून लांब असेल, रडणं ऐकू येत नसेल, तर मुलगी दर थोड्या वेळाने खात्री करायला पळते. झोळी दिसत राहिली की ती निवांत बसते.

[माळ. झाडाखाली बसलेली गुरं.]

मुलगे गुरांमागे. त्यांना शाळेत आणायचं तर गुरं कोण राखणार? म्हणून शाळा कुरणात गेली, तिचं नावच कुरणशाळा. अशा शाळेचं वेळापत्रक गुरं ठरवतात. उन्हं चढली की ती सावलीत बसून रवंथ करतात, तेवढा वेळ राख्याचे हात मोकळे. त्या तासा-दीड तासात जे बसेल ते शिकवायचं. सामान एका पिशवीत मावायला हवं. गुंडाळी फळा, खडू, गोष्टीचं पुस्तक. मोजायला गुरं समोर आहेतच. चार गाई, शिंगं किती, पाय किती. वर्ग चालू असताना गाय कुणाच्या शेतात शिरली तर धडा तिथेच थांबवायचा. पिकाचं नुकसान झालं की त्या पोराला मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो कुरणशाळेत येत नाही.

[अंगण. चटई.]

आणि जिथे हेही जमत नव्हतं तिथे पाड्यावरच्या अंगणात वर्ग. अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, आणि तिच्या गावपातळीवरच्या केंद्राचं नावही अंगणवाडी. आज देशभर हा शब्द चालतो. आहार, वजन, लसीकरण यांच्या नोंदी अंगणवाडी सेविकेला भराव्या लागतात, आणि ते काम मोलाचं आहेच. पण दांडे, शिंपले, काड्यापेट्या यांचा तास त्या नोंदींखाली दबून जातो, हे बघताना आम्हाला वाईट वाटतं. अनुताईंच्या बालवाडीत सकस आहारही होता आणि तो तासही होता.

ताराबाई गेल्या तेव्हा अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. पुढची एकोणीस वर्षं त्यांनी हे काम पुढे नेलं.

[दुपार. वर्ग सुटायची वेळ. सुपात चिंचोके.]

बालवाडी सुटताना शेवटचं काम मोजदादीचं. सहा मुलांना दहा-दहा चिंचोके दिले होते, म्हणजे साठ. सुपात एकोणसाठ आले. आधी चटई उचलून झटकायची. मग प्रत्येकाची मूठ उघडून बघायची, हसतखेळत, न रागावता. मुठीत नसेल तर खिसा. खिशातही नसेल तर मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं आणि नाक-कान बघायचे. चिंचोका ओलीने फुगतो, आणि नाकात रात्रभर राहिला तर सकाळी निघत नाही. आत दिसला तर काडी घालायची नाही, आत ढकलला जातो. मूल आणि आई, दोघांना घेऊन दवाखाना गाठायचा.

साठावा सापडेपर्यंत कुणाला घरी सोडायचं नाही.

[सूप. चिंचोके. एक हात मोजतो आहे.]