अर्थिंगलाही पाणी पाजा: वीज, सर्ज आणि आपली घरातली उपकरणं

मंडळी, आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. वीज थेट घरावर पडली तर आज मी जे सांगून राहिलो त्यातलं काही पुरणार नाही, त्याला छपरावर लाइटनिंग कंडक्टरच लागतो, ते वेगळं काम आहे. पण आपला टीव्ही, राउटर, फ्रिजचा बोर्ड जाळणारी वीज बहुतेक वेळा आपल्यावर पडलेलीच नसते, ती पडते दोन गल्ल्या सोडून एखाद्या कडुनिंबावर नाहीतर लाइनच्या खांबावर, आणि तारांमधून आपल्याकडे येतो तो तिचा धक्का, त्यालाच सर्ज म्हणतात.

लोक म्हणतात, आमच्याकडे एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारं बटण, आहे ना. अहो, एमसीबीला पडायला काही मिलिसेकंद तरी लागतात आणि सर्ज मायक्रोसेकंदांमध्ये येऊन गेलेला असतो, म्हणजे वरात निघून गेल्यावर बँडवाला पोचला. स्टॅबिलायझरचंही तेच. स्पाइक गार्डात, म्हणजे सर्जसाठीच्या एक्सटेन्शन बोर्डात, निदान एमओव्ही असतो, झिंक ऑक्साइडची नाण्याएवढी चकती, २३० व्होल्टला गप बसते, व्होल्टेज फार चढलं की वाट मोकळी करून देते आणि धक्का अंगावर घेते. फक्त प्रत्येक धक्क्याला ती थोडी मरते, आणि बऱ्याच स्वस्त बोर्डांवरचा लाल दिवा चकती मेल्यावरही जळतच राहतो, कारण त्याला फक्त करंट आहे की नाही एवढंच कळतं. शिवाय थ्री-पिनच्या तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसेल, जुन्या घरांमध्ये कितीदा नसतेच, तर अर्ध संरक्षण तिथेच गेलं.

आता आपल्या नागपूरची गंमत. आपली काळी माती ओली असली की अर्थिंगला एक नंबर. पण मे महिन्यात ४५ डिग्रीत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठक्क होतो, आणि नेमकं तेव्हाच नवतपा-मृगाच्या आगेमागे ते पहिलं वादळ येतं, धूळ जास्त, पाऊस चार थेंब, आणि कडकडाट विचारू नका. म्हणजे अर्थिंगची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच ती सगळ्यात कमजोर. कूलरमध्ये रोज पाणी भरताच ना? मंग एप्रिलपासून दर तीन-चार दिवसांनी एक बादली त्या खड्ड्यात पण टाका, फुकटचा उपाय आहे.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, गच्चीवर ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या V सारखी तारेची अँटेना, लावलेला. रेडिओला "स्वच्छ" अर्थ पाहिजे म्हणून मागच्या अंगणात वेगळा तांब्याचा रॉड ठोकला, घराची अर्थिंग मात्र समोर मीटरजवळ. मे मधलीच संध्याकाळ, आभाळ काळं झालं, मी शहाण्यासारखा रेडिओचा पॉवर सप्लाय सॉकेटमधून काढला आणि चहा घेत बसलो. अँटेनाची केबल, म्हणजे कोएक्स, तशीच लावलेली, रेडिओ यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलेला, कॉम्प्युटर थ्री-पिनमध्ये. मागच्या प्लॉटमधल्या झाडावर वीज पडली. माझा रिसीव्हर ठार बहिरा, कॉम्प्युटरचा यूएसबी पोर्ट काळा, आणि काढून ठेवलेला पॉवर सप्लाय तेवढा ठणठणीत!

झालं काय? विजेचा करंट साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. त्यातला २ हजार जरी माझ्या रॉडपाशी आला आणि रॉडचा रेझिस्टन्स १० ओहम धरला तरी तिथली जमीन क्षणभर २० हजार व्होल्टवर, आणि समोरची अर्थिंग त्याच्या कितीतरी खाली. दोघांना जोडणारा रस्ता एकच होता, कोएक्सची बाहेरची तांब्याची जाळी, रेडिओ, यूएसबी, कॉम्प्युटर, तिसरी पिन. फुटाळा तलावातली नाव पाण्यासोबत वर चढते तेव्हा तिला काही होत नाही, पण तिचं एक टोक काठाला आवळून बांधलेलं असेल तर लाकूड तडकतं. म्हणून घरातली सगळी अर्थिंग एकमेकींना बाहेरून जाड तांब्याने जोडलेली पाहिजे, चढेल ते सगळं सोबत चढेल.

आता माझ्याकडे खिडकीपाशी एक ॲल्युमिनियमची प्लेट आहे, सगळे कोएक्स तिथूनच आत येतात, प्रत्येकावर गॅस ट्यूबचा अरेस्टर, म्हणजे सर्ज आला की त्याला अर्थकडे वळवणारा तुकडा, आणि प्लेट मेन अर्थिंगला. डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, टाइप २ एसपीडी, म्हणजे सर्ज अर्थकडे वळवणारं उपकरण. आणि एक, वायरमन लोक उरलेली अर्थची वायर "पुढे कामी येईल" म्हणून बोर्डामागे गुंडाळून ठेवतात, ते बंद करा. इतक्या झटक्यात वाढणाऱ्या करंटला एक मीटर सरळ वायरवरसुद्धा हजारो व्होल्ट पडतात, गुंडाळी तर त्याहून वाईट. कोएक्सचं टोक काढून लोणच्याच्या बरणीत ठेवणारेही आहेत, आता किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला बरणीची काच काय अडवणार, टोक घराबाहेर ठेवा.

एक ताई विचारतात, आमच्याकडे फायबर आहे, काळजी नाही ना? काचेतून करंट येत नाही, बरोबर, पण बऱ्याच फायबर केबलला आधारासाठी स्टीलची तार असते, आणि राउटरचा ॲडॉप्टर तर सॉकेटमध्येच असतो. काढायचा तोही. पण कधी? डोक्यावर कडाडायला लागल्यावर नाही, तेव्हा वायरींना हात लावूच नका! चमकल्यापासून आवाजापर्यंत मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर, तीस सेकंदाच्या आत आलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, त्याच्या आधीच प्लग निघालेले पाहिजेत. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनमध्ये टाका, ते आधीच कल्पना देतं.

आणि काका, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या अर्थिंगचं विचारलंत, तर गॅसच्या पाइपला अर्थ अजिबात बांधू नका, पाण्याचे पाइप आता प्लास्टिकचे आहेत, त्यांचा उपयोग नाही. खाली सोसायटीच्या मेन बोर्डापासून तुमच्या डीबीपर्यंत अर्थची वायर खरंच आली आहे का, ते आधी वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. एसपीडी त्याच्यानंतर.