तासाभराने येणारा सुपरमॅन

(दृश्य: काळ्या आकाशातून निळी अक्षरं झेपावत येताहेत.)

1978चा ‘सुपरमॅन’. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, लांबी 143 मिनिटं. एकेक नाव सुसाट येतं, समोर थबकतं, विरून जातं. मग पुढचं. आणि त्याच्याही पुढचं. जॉन विल्यम्सचं संगीत आहे म्हणून हे सगळं खपतं. आता आवाज बंद करून बघा.

(सात सेकंद शांतता.)

लांबतंय ना? अख्ख्या सिनेमात कात्री कुठे चालवायला हवी होती, ते बघू.

(दृश्य: टेबलावर रंगीत कागदी पट्टी, शेजारी मोजपट्टी.)

ही पट्टी 143 सेंटिमीटरची. एक मिनिट म्हणजे एक सेंटिमीटर. पांढरा तुकडा क्रिप्टॉनचा, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मग्रहाचा; पिवळा स्मॉलव्हिलच्या शेतांचा, जिथे तो वाढतो त्या गावाचा. पहिली टाचणी टोचली आहे ती निळा पोशाख पहिल्यांदा दिसतो तिथे, पन्नाशीच्या जरा अलीकडे. दुसरी, हेलिकॉप्टरमधून पडणाऱ्या लोइसला, म्हणजे नायिकेला, तो झेलतो तिथे, सत्तरीच्या आसपास. निम्मा सिनेमा संपत आला तेव्हा कुठे नायकाने नायकाचं काम केलं.

तरीही कात्री इथे चालवायची नाही.

(दृश्य: क्रिप्टॉनवरचे लखलखते पोशाख.)

हे कपडे बघा. यांच्यावर जे चकाकतंय ते स्कॉचलाइट नावाचं परावर्तक कापड. आत काचेचे बारीक मणी असतात, प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला ते परत पाठवतात. रस्त्यावरच्या फलकांचं तत्त्व तेच. दिवा कॅमेऱ्याच्या रेषेत असेल तरच कापड पेटल्यासारखं दिसतं. रेषा चुकली की नुसतं करडं. वर छायालेखक जेफ्री अन्सवर्थचा धूसर उजेड. खटला, शिक्षा, स्फोट: पांढऱ्या तुकड्यात दर दोन-तीन सेंटिमीटरला काहीतरी नवं हाती लागतं. संथ आहे, पण रिकामं नाही.

(दृश्य: टेबलावर छोटा प्रोजेक्टर, तिरकी काच, बाहुली.)

उडण्याची दृश्यं रेंगाळतात त्याचं कारण मात्र यंत्रात आहे. निळ्या पडद्यासमोर चित्रण करून नंतर निळ्याच्या जागी आकाश भरायचं, ही एक वाट. पण पोशाखही निळा, त्यामुळे माणूसच गायब व्हायचा. त्या शॉट्ससाठी पोशाखाची निळाई हिरवटाकडे झुकवावी लागली. दुसरी वाट विशेष दृश्यांचा तंत्रज्ञ झोरान पेरिसिकची. कॅमेऱ्यासमोर 45 अंशांत अर्धपारदर्शक आरसा, बाजूने आकाशाचं चित्र टाकणारा प्रोजेक्टर, मागे तोच स्कॉचलाइटचा पडदा. बाहुलीची सावली पडते, पण बरोबर तिच्याच पाठीमागे, म्हणून कॅमेऱ्याला दिसत नाही. आरसा केसभर हलवला की...

(दृश्य: बाहुलीभोवती काळी कड.)

...ही अशी कड येते.

पेरिसिकने कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन्हींवर झूम लेन्स बसवून त्या एकमेकींना जोडल्या. कॅमेरा झूम करत जवळ जातो, तेवढ्याच प्रमाणात प्रोजेक्टर चित्र लहान करतो. मागचं आकाश आहे तेवढंच राहतं, माणूस मोठा होत जातो आणि आपल्याकडे उडत आल्यासारखा वाटतो. पण दोन लेन्समध्ये जरा पुढेमागे झालं तर आकाशच फुगतं किंवा आकसतं. त्यात सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह स्वतः ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, चालवायचा. वळताना खांदा आधी झुकतो, मग अंग. एवढ्या खटपटीने जमलेला शॉट लवकर तोडायला कुणाचा हात धजणार!

(दृश्य: रात्रीचं शहर, दोघं हातात हात घालून उडताहेत.)

इथेही कुणाचा धजला नाही. हात सुटण्यापर्यंत ठीक. त्यानंतर लोइस मनातल्या मनात कविता म्हणू लागते. चेहरा जे सांगतोय तेच शब्दांत, पुन्हा. पहिली कात्री इथे.

(दृश्य: लष्कराचा ताफा, रस्त्यात आडवी गाडी.)

दुसरी इथे. खलनायक लूथरला क्षेपणास्त्राची दिशा बदलायची आहे. त्याचा साथीदार ओटिस आकडे चुकवतो, मग ताफा अडवायचा खेळ पुन्हा मांडायचा. तेच सोंग, तीच फजिती. पट्टीच्या या टोकाला घाई हवी होती, आणि नेमके इथेच विनोदी मुक्काम.

पुढे कित्येक महानायकपटांनी आधी जन्मकथा सांगायचा शिरस्ता उचलला. असो.

(दृश्य: पट्टीला आणखी तुकडे चिकटवले जाताहेत.)

प्रत्यक्षात कात्री कुणी लावलीच नाही, उलट भर पडत गेली. 2001च्या डीव्हीडीवरची आवृत्ती 151 मिनिटांची, म्हणजे 8 सेंटिमीटर वाढली. त्याच्याही आधी, 1982 साली अमेरिकेत टीव्हीवर दोन रात्रींत दाखवलेली आवृत्ती तीन तासांहून मोठी.

(दृश्य: पट्टी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते आहे.)