टेबलावरची दोन मिनिटं

नमस्कार श्रोतेहो.

मांजराला शिकवते म्हटलं की आमच्या शेजारच्या काकू हसतात. "ते कुठलं ऐकतंय तुझं!" खरंय, मांजर ऐकत नाही. पण त्याला सवय लावता येते, आणि कॅट शोसाठी, म्हणजे मांजरांच्या स्पर्धेसाठी, तेवढी पुरते.

पहिला मोठा कॅट शो १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरला. आज जगभर जातींचे मापदंड ठरलेत. अमेरिकेतल्या सीएफए या मांजरप्रेमींच्या संस्थेत पर्शियन मांजराला १०० पैकी ३० गुण नुसत्या डोक्याच्या ठेवणीला. तिथं आपली मेहनत काय कामाची? पण सोलापुरात बहुतेकांकडं असतं ते गल्लीतून आलेलं देशी मांजर, आणि त्याच्यासाठीही बऱ्याच शोमध्ये 'हाउसहोल्ड पेट' गट असतो. तिथं वंशावळ विचारत नाहीत. तब्येत, स्वच्छता आणि स्वभाव बघतात. मोठ्या मांजराची नसबंदी झालेली लागते.

माझी भुरी घरात कुणाच्याही मांडीवर बसायची. पुण्याच्या शोला नेली, परीक्षकांनी टेबलावर ठेवली आणि बाईसाहेबांनी त्यांच्या बाहीत नखं रुतवली. नखं कापायचं मीच विसरले होते. आणि घरच्यांशिवाय कुणाचा हात तिला लागलाच नव्हता.

परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर जाड टर्किश टॉवेल अंथरला. टॉवेलला आपल्या गावात काय तोटा! रोज दोनच मिनिटं. आधी मी, मग दीर, मग दूधवाले मामा, शेवटी त्या काकू. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पाय लोंबले की मांजर बिथरतं. ओठ उचलून दात बघायचे, कान बघायचे, शेपटीवरून हात फिरवायचा, उकडलेल्या अळणी चिकनचा एक धागा द्यायचा. आणि ती धडपडायच्या आधीच खाली सोडायची. धडपडल्यावर सोडलंत, तर धडपडलं की सुटका होते, एवढंच ती शिकते. पिल्लू असेल तर दोन ते सात आठवड्यांच्या वयातच परक्या हातांची ओळख व्हावी. नंतर जमतं, पण वेळ लागतो.

अंघोळ शोच्या तीन-चार दिवस आधी, आपल्याकडं नळाला पाणी येईल त्या दिवशी. कोमट पाणी, मांजराचाच शाम्पू. जंतुनाशकाचे दोन थेंब टाकायचा मोह होतो, टाकू नका. फिनेलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, आणि ते अंग चाटतंच. नखाचं फक्त पांढरं टोक कापायचं. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. मांजरांची त्रिगुणी लस, म्हणजे तीन आजारांवरची एकत्र लस, आणि रेबीजची लस काही आठवडे आधीच टोचून दाखला जवळ ठेवा.

प्रवासाची पेटी महिनाभर हॉलमध्ये उघडी राहू द्या. आमच्या पेटीत जुन्या चादरीचा तुकडा आहे, भुरी दुपारी तिथंच झोपते. उन्हाळ्यात मात्र निघायचं ते पहाटेच. बेचाळीस अंशांत पेटी म्हणजे भट्टी.

पुढचा शो तीन आठवड्यांवर आलाय. काकू आता चारच्या चहाला न बोलावता येतात, पदर खोचतात आणि म्हणतात, "आण गं तिला. दात बघायचेत."