मॉरिशसमधला मराठीचा तास

(दृश्य: तवसाळची जेटी. जयगडहून फेरीबोट येते. दुचाक्या, टेम्पो, मागोमाग माणसं उतरतात.)

या खाडीतून माणसं पिढ्यानपिढ्या बाहेर पडत आली. कुणी गिरणीत लागलं, कुणी गोदीत. काहीजण मात्र मुंबईतही थांबले नाहीत. १८३४ पासून इंग्रजांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यातली बहुतेक बिहारकडची, कलकत्त्याहून गेलेली. पण मुंबई बंदरातून चढलेल्यांमध्ये रत्नागिरीकडची, सावंतवाडीकडची आपली माणसंही होती. त्या धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तो जागतिक वारसा यादीत गेला.

मी गुहागर तालुक्यातली, डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेची विद्यार्थिनी. पहिलं वर्ष संपलं त्या मे महिन्यात मी मॉरिशसला गेले. चाकरमानी पोराबाळांसह गावात शिरत होते, आंब्याच्या पेट्या भरल्या जात होत्या आणि मी उलट्या दिशेनं निघाले होते. आमच्या वाडीतल्या एका काकांची तिथल्या मराठी कुटुंबाशी ओळख होती. त्यांनी शाळेशी बोलून रीतसर परवानगी काढली. मराठीच्या तासाला बाईंना मदत करायची, एवढंच माझं काम ठरलं.

(दृश्य: कास्कावेलजवळचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, मागे डोंगर. मोबाइलवरचं चित्रण.)

तिथली प्राथमिक शाळा पहिली ते सहावी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, फ्रेंचही सगळ्यांना. मुलं घरी बोलतात क्रेओल, फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. मराठी घरांतही क्रेओलच. शिवाय हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी यांपैकी एखादी भाषा मूल निवडू शकतं. २०१२ पासून क्रेओलसुद्धा ऐच्छिक विषय म्हणून शाळेत आली. त्याआधी अख्ख्या बेटाची बोलायची भाषा वर्गात शिकवायचा विषय नव्हती.

भाषेच्या तासाची घंटा झाली की वर्ग फुटतो. खुर्च्या सरकतात, दप्तरं उचलली जातात, हिंदीवाले एका खोलीत, तमिळवाले दुसऱ्या. मराठीची मुलं मोजकीच. ती व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत येतात, बाईंना मोठ्यानं "नमस्कार" म्हणतात आणि पुढच्याच क्षणी आपापसात क्रेओलमध्ये भांडायला लागतात.

बाईंचीही घरची भाषा क्रेओलच. मराठी त्या शाळेत शिकल्या आणि पुढे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत. त्या शांतपणे फळ्यावर देवनागरीत तारीख लिहायच्या, मग एकेकाला विचारायच्या. एकदा त्यांनी एका मुलाला विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माझे बाबा पेसेर." क्रेओलमध्ये मच्छीमाराला पेसेर म्हणतात. त्याचं वाक्य बांधलं गेलं होतं क्रेओलच्या चालीनं, कारण तिथे 'मो पापा पेसेर' म्हटलं की झालं, 'आहे' लागतच नाही.

बाईंनी त्याला अडवलं नाही. त्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मग विचारलं, होडी कुठे असते, मासे कोण विकतं, आई काय करते. वाक्यांनी फळा भरला. अर्धी क्रेओल, अर्धी मराठी. मग खालच्या ओळीत त्याच गोष्टी पूर्ण मराठीत लिहिल्या आणि मुलांनाच शोधायला लावलं, कुठे काय बदललं. ज्याचे बाबा मच्छीमार होते, त्यानंच पहिल्यांदा बोट दाखवलं, "इथे 'आहेत' आलं!"

मी मागच्या बाकावर बसून भराभर टाचण काढत होते. कॉलेजात आम्हाला पाठ टाचणात 'पूर्वज्ञान' असा रकाना असतो. आम्ही तिथे 'विद्यार्थ्यांना मच्छीमाराविषयी माहिती आहे' असं एक वाक्य लिहून पुढे सरकतो. त्या रकान्यात खरं तर काय असतं ते मला त्या फळ्यावर दिसलं.

मुलांना सगळ्यात जड जायचं ते तो, ती, ते. क्रेओलमध्ये तिन्हींना एकच, 'लि'. क्रियापदही बदलत नाही. मी जेवलो काय, ती जेवली काय, 'मांझे' ते 'मांझे'च. आपल्याकडे डबा तो, पिशवी ती आणि पुस्तक ते. कशावरून, हे सांगता येत नाही. मी वर्गातल्या वस्तूंवर रंगीत टिकल्या चिकटवल्या, तो निळी, ती लाल, ते हिरवी. महिना संपेपर्यंत खिडकी, पंखा, खडूचा डबा, बाईंची पर्स, सगळ्यांवर टिकल्या होत्या. मुलं आपसात पैजा लावायची.

(दृश्य: गावातली जाखडी. मृदंग, झांजा, रिंगणात नाचणारे पाय, पायातले चाळ.)

आता ही जाखडी पाहा. आमच्याकडे गणपतीत रात्ररात्र चालते. गाणारा आणि मृदंगवाला मध्ये, भोवती नाचणारे. पूर्वी फक्त पुरुष नाचायचे. आता मुलींची पथकंही निघालीत, तरी माझ्या लहानपणी आम्ही मुली अंगणाच्या कडेला बसूनच पाय शिकलो.

मॉरिशसच्या मराठी लोकांनी हा नाच जपलाय. तिथे त्याला झाकरी म्हणतात. लग्नात, गणपतीत बायका-पुरुष दोघंही नाचतात. मुलांनी मला एका दुपारी शाळेच्या मैदानावर तो करून दाखवला. पाय ओळखीचा होता. दोन पावलं आत, वाकून टाळी, गिरकी. गाण्याचे शब्द मुलांना तोंडपाठ होते. अर्थ मात्र निम्म्याहून जास्त मुलांना ठाऊक नव्हता; आजीकडून ऐकून पाठ झालेलं.

बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच गाण्याचा पाठ केला. आला, आली, आले ही रूपं गाण्यातूनच घेतली. एक बाजू गाणार, दुसरी त्या ओळीचा अभिनय करणार. मुलं आली की मुलींनी हटकायचं, मुली आल्या की मुलांनी. जे टिकल्यांनी साधलं नव्हतं ते या रिंगणात पटकन साधलं, कारण चूक झाली की ताल तुटायचा आणि सगळ्यांना कळायचं.

एक गोष्ट ठामपणे सांगते. परदेशात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यानं वर्ग आपल्या हातात घेऊ नये. मी चार आठवड्यांनी निघून येणार होते, बाई तिथे वर्षानुवर्षं आहेत. त्यांना माझा खरा उपयोग झाला तो बोलणारी मराठी बाई म्हणून. माझं उच्चारण, माझा वेग, मध्येच निघणारा माझा गुहागरी हेल मुलांच्या कानावर पडत होता. पुस्तकातली मराठी कुणीतरी जेवताना, रागावताना, हसताना बोलतं, हे त्यांना दिसत होतं.

(दृश्य: खाडीकाठची जिल्हा परिषद शाळा. परिपाठ चालू आहे.)

परत आल्यावर माझी आंतरवासिता, म्हणजे शिकाऊ शिक्षिकेचं काम, या शाळेत आहे. शाळा द्विशिक्षकी, चार इयत्ता दोन खोल्यांत. पहिल्याच आठवड्यात तिसरीतला एक मुलगा उशिरा आला. कारण विचारलं तर म्हणाला, "बापसान होडी वर घेतलीन, मी दोरी धरलेली." मी ते फळ्यावर लिहिलं, अगदी त्यानं म्हटलं तसं. वर्ग एकदम गप्प झाला. आपलं घरातलं बोलणं फळ्यावर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग खाली 'बाबांनी होडी वर घेतली' असं लिहिलं आणि विचारलं, काय बदललं? हात वर व्हायला वेळ लागला नाही.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. एक आई दारात येऊन म्हणाली, "बाई, असं आम्ही घरी बोलतोच. शाळेत तरी नीट शिकवा." तिची काळजी मला कळते. मुलाला उद्या तालुक्याला जायचंय, मुंबईला जायचंय, तिथे बोलण्यावरून कुणी हसू नये. मॉरिशसमध्येही क्रेओल शाळेत येताना पालकांना हीच धास्ती होती. मी तिला वही दाखवली. डावीकडे मुलाचं वाक्य, उजवीकडे प्रमाण मराठीतलं. ही दोन बाजूंची कल्पना मुख्याध्यापकांची. त्यांनी सांगितलं, फळ्यावर बोली घ्या, पण वहीत दोन्ही उतरवून घ्या. आईनं पानं उलटली, मुलाचं अक्षर सुधारलंय म्हणाली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघायला येते असं सांगून गेली.

(दृश्य: मुलं मोबाइलसमोर एकेक वाक्य बोलतात. मागे समुद्राचा आवाज.)

सध्या आमची तिसरी-चौथी तिकडच्या वर्गासाठी छोटी ध्वनिमुद्रणं करते आहे. बांगडा, सुरमई, तारली हातात धरून प्रत्येकानं तीन वाक्यं बोलायची: तो कुठला, ती कुणी आणली, ते कसं शिजवतात. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. बाईंनी सांगितलंय, त्याआधी मुद्रणं पोचली तर पहिल्या तासापासून वापरता येतील. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज मधल्या सुट्टीत आमचं हे काम चालू असतं. तिकडच्या मुलांनी आधीच एक प्रश्न पाठवून ठेवलाय: कोकणातली माणसं मासे कोकमाशिवाय शिजवतात का? त्याच्या उत्तरावर आमच्या चौथीत अजून वाद चालू आहे.